धारित्रांतील हरवलेली ऊर्जा : हौशी प्रयोगांचा हिशेब

विद्युत्‌शास्त्रातील काही साधने अशी आहेत की, त्यांची घडण शाळकरी मुलास समजते, पण त्यांचे वर्तन पदव्युत्तर विद्यार्थ्यासही प्रसंगी चकविते. धारित्र हे अशांपैकी एक होय. धातूचे दोन पट्ट आणि त्यांच्यामध्ये निरोधक पदार्थाचा पातळ थर, एवढीच त्याची रचना. १७४५-४६ च्या सुमारास क्लाइस्ट व मुशेनब्रुक यांनी एकमेकांस नकळत सिद्ध केलेल्या लेडन कुपीपासून ती मूलतः फारशी बदललेली नाही. रेडिओ दुरुस्त करणारे ज्यास ‘कंडेन्सर’ म्हणतात ती ही वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अल्प किमतीत मिळते. तिच्या जोडीला तांब्याच्या तारेचे एखादे वेटोळे, एक ट्रँझिस्टर, दोनचार डायोड आणि मोटारसायकलची बॅटरी असली की, घरच्या टेबलावर प्रयोगशाळा उभी राहते.

अशा घरगुती प्रयोगशाळांतून गेली काही दशके एक विषय पुनःपुन्हा हाताळला जात आहे. तो विषय म्हणजे ऊर्जेची पुनःप्राप्ती. मंडलात एकदा खर्च झालेली ऊर्जा धारित्राच्या साहाय्याने परत पकडावी व पुन्हा वापरावी, ही त्यामागील कल्पना. ह्या कल्पनेचा एक भाग पूर्णपणे शास्त्रशुद्ध असून उद्योगधंद्यांत रोज वापरला जातो. दुसरा भाग मात्र ‘घातली त्याहून अधिक ऊर्जा मिळाली’ अशा दाव्यापर्यंत जातो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगून अशा दाव्याची बोळवण करणे सोपे असते. परंतु प्रयोगकर्त्याच्या समोर असलेल्या मापकाचा काटा जे दाखवितो त्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. तो काटा बहुधा खरेच सांगत असतो. चूक होते ती तो काय मोजीत आहे हे ठरविण्यात. ही चूक नेमकी कोठे शिरते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अर्ध्या ऊर्जेचे कोडे

हौशी प्रयोगकर्त्यास प्रथम ज्या घटनेचा विस्मय वाटतो, ती दोन धारित्रांच्या जोडणीची होय. १०,००० मायक्रोफॅरडचे एक धारित्र २० व्होल्टपर्यंत भारित केले आहे असे समजू. धारकता ‘ध’ व दाब ‘व’ मानल्यास साठलेला विद्युत् भार धव, म्हणजे ०.२ कूलंब, आणि साठलेली ऊर्जा ½धव², म्हणजे २ ज्यूल होते. आता हे धारित्र तितक्याच धारकतेच्या रिकाम्या धारित्रास एका लहान दिव्यातून जोडले, तर दिवा क्षणभर उजळून विझतो आणि दोन्ही धारित्रांवर १० व्होल्ट दाब आढळतो. प्रत्येकावर ०.१ कूलंब भार, म्हणजे एकूण ०.२ कूलंब. भाराचा कणही कमी झालेला नाही, आणि तरीही दिवा पेटून गेला. प्रकाश फुकट मिळाला, असा समज येथे सहज होतो.

ऊर्जेचा हिशेब मात्र निराळा आहे. १० व्होल्टला प्रत्येक धारित्रात अर्धा ज्यूल, म्हणजे दोहोंत मिळून एकच ज्यूल उरतो. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर पोत्यांची संख्या तीच राहिली, पण दर निम्म्यावर आला. आणि पोती मोजणाऱ्यास हे नुकसान दिसत नाही. भार ही पोत्यांची संख्या आहे, दाब हा दर आहे. बहुतेक हौशी दाव्यांच्या मुळाशी ह्या दोहोंतील कोणत्या तरी एकाच राशीवर ठेवलेला विश्वास असतो.

कोड्याचा खरा चमत्कारिक भाग पुढेच आहे. दिव्याऐवजी १०० ओहमचा रोध घातला, की एक दशांश ओहमची जाड तार घातली, याने नुकसानीच्या आकड्यात काहीच फरक पडत नाही. १०० ओहममधून प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या कालांकाने मंदपणे ओसरतो, ०.१ ओहममधून तो २०० अँपिअरवर उसळून अर्ध्या मिलिसेकंदाच्या कालांकाने संपतो. रोध कमी केला तर प्रवाहाचा वर्ग वाढतो व काळ घटतो. प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणून काळावर समाकलन केले असता रोध ही राशी समीकरणातून गळून पडते आणि ¼धव², म्हणजे नेमका एक ज्यूल, उरतो. दोन सारख्या हौदांपैकी भरलेल्यातले पाणी तळाच्या नळीने रिकाम्यात सोडले असता, पातळी स्थिर झाल्यावर स्थितिज ऊर्जा निम्मी होते. नळी रुंद असो वा अरुंद, त्यात भेद होत नाही. दोन्ही घटनांचे गणित एकच आहे.

२. दोष धारित्राचा नव्हे, रीतीचा

अर्धी ऊर्जा गमावणे हा धारित्राचा स्वभाव आहे, असा निष्कर्ष ह्यावरून काढणे चुकीचे ठरेल. नुकसान होते ते दाबातील मोठ्या तफावतीमुळे. २० व्होल्टच्या घटमालेवरून वरील रिकामे धारित्र एकदम भारित केले, तर घटमाला ४ ज्यूल देते, धारित्रात २ साठतात आणि २ तारांत उष्णतारूपाने जातात. त्याऐवजी दोन व्होल्टचे दहा अम्ल-शिसे घट एकसरीत ठेवून धारित्राचे टोक क्रमाने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा घटांच्या जोडावर सरकवीत नेले, तर प्रत्येक टप्प्यावरील तफावत दोनच व्होल्टची राहते. घटमालेतून २.२ ज्यूल निघतात, धारित्रात तेच २ ज्यूल साठतात, आणि नुकसान केवळ ०.२ ज्यूल होते. टप्प्यांची संख्या दसपट केली की नुकसान एकदशांशावर येते; टप्पे अनंत केले तर ते शून्याकडे जाते. उष्मागतिकीच्या विद्यार्थ्यास ह्यात व्युत्क्रमी प्रक्रियेचे परिचित रूप दिसेल. दाबातील फरक हळूहळू मिटवावा, एकदम कोसळू देऊ नये, हेच ऊर्जापुनःप्राप्तीचे पहिले तत्त्व होय.

३. वेटोळ्याची मध्यस्थी

दुसरे तत्त्व वेटोळ्याच्या प्रवर्तनातून मिळते. लेडन कुपीतून होणारा विसर्ग एकाच दिशेने न होता मागेपुढे आंदोलित होत असावा, असे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८४२ मध्ये सुचविले होते. १८५३ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याने त्याचे गणित मांडले; आणि नंतर फेडरसन याने फिरत्या आरशाच्या साहाय्याने ठिणगीतील आंदोलने प्रत्यक्ष दाखविली. धारित्रातील ऊर्जा वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात जाते व तेथून परत येते, हा त्या आंदोलनांचा अर्थ.

मागील उदाहरणातील दोन धारित्रांमध्ये दिव्याऐवजी २० मिलिहेन्रीचे वेटोळे व एक डायोड घातल्यास काय होते ते पाहावे. सर्व घटक आदर्श मानल्यास प्रवाह क्रमाने वाढत १० अँपिअरवर पोचतो. त्या क्षणी दोन्ही धारित्रांवर नेमका १० व्होल्ट दाब असतो, म्हणजे दोहोंत मिळून एक ज्यूल. दुसरा ज्यूल कोठे आहे? तो वेटोळ्यात आहे : २० मिलिहेन्रीत १० अँपिअर वाहत असता चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा बरोबर एक ज्यूल भरते. पूर्वी जो ज्यूल तारांत नष्ट होत होता, तो येथे क्षणभर सुरक्षित ठेवला गेला आहे. पुढे वेटोळे प्रवाह तसाच रेटीत राहते आणि ३१.४ मिलिसेकंदांच्या अखेरीस पहिले धारित्र रिकामे होऊन दुसऱ्यावर २० व्होल्ट येतात. डायोड उलटा प्रवाह अडवितो, म्हणून ऊर्जा तेथेच राहते.

प्रत्यक्षात वेटोळ्याच्या तारेस रोध असतो व डायोडवर काही दाब खर्ची पडतो. रोध ०.२ ओहम आणि डायोडवरील दाब ०.७ व्होल्ट धरल्यास दुसऱ्या धारित्रावर सुमारे १७.९ व्होल्ट येतात. ही ऊर्जा १.६ ज्यूल, म्हणजे मूळच्या ८० टक्के होय. नुसत्या तारेने जोडल्यावर दुसऱ्या धारित्रात २५ टक्केच पोचत होती, हे लक्षात घेता ही सुधारणा लहान नाही. हौशी प्रयोगकर्ता जेव्हा ‘वेटोळे घातल्यावर अधिक ऊर्जा मिळते’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. अधिक मिळते, पण ती पूर्वीच्या नुकसानीच्या मानाने अधिक असते, मूळ भांडवलाच्या मानाने नव्हे.

४. उच्च दाबाची भुरळ

ह्याहूनही लोकप्रिय असा प्रयोग बॅटरी, वेटोळे व ट्रँझिस्टर यांचा आहे. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला असता त्याच्या टोकांवर मोठा दाब उत्पन्न होतो. तो डायोडमार्गे धारित्रात घेतला की, १२ व्होल्टच्या बॅटरीवरून धारित्र पाहता पाहता शेकडो व्होल्ट दाखवू लागते. प्रवाह तोडणाऱ्या यंत्रणेस चुंबकांचे चक्र जोडल्यास ते फिरतही राहते. हा देखावा मन वेधणारा आहे यात शंका नाही.

त्याचा हिशेब एका ठोक उदाहरणाने करता येईल. वेटोळ्याचे प्रवर्तन ०.१ हेन्री, रोध ६ ओहम आणि धारित्र १० मायक्रोफॅरडचे आहे असे मानू. ट्रँझिस्टर ५० मिलिसेकंद चालू ठेवला तर प्रवाह १.९ अँपिअरपर्यंत चढतो. तोडल्यावर वेटोळ्यातील ०.१८ ज्यूल धारित्रात जाऊन त्यावर सुमारे १९० व्होल्ट येतात. पण त्या ५० मिलिसेकंदांत बॅटरीने ०.८२ ज्यूल दिलेले असतात. म्हणजे परतावा २२ टक्के. आता ट्रँझिस्टर केवळ ५ मिलिसेकंद चालू ठेवावा. प्रवाह ०.५२ अँपिअरपर्यंतच जातो व धारित्रावर अवघे ५२ व्होल्ट येतात. मात्र बॅटरीने दिलेल्या ०.०१६३ ज्यूलपैकी ०.०१३४ ज्यूल, म्हणजे ८२ टक्के, परत मिळालेले असतात.

व्होल्ट जेथे अधिक दिसले तेथे परतावा कमी, आणि जेथे परतावा चांगला तेथे व्होल्ट कमी, असे येथे घडले. कारण उघड आहे : प्रवाह कमाल मर्यादेजवळ पोचल्यानंतर बॅटरीतून येणारी बहुतेक सर्व ऊर्जा तारेचा रोधच खातो. म्हणून दाबमापकाच्या आकड्याकडे पाहून मंडल सुधारू पाहणारा प्रयोगकर्ता नेमक्या उलट दिशेने जाण्याचा संभव असतो. शिवाय वेटोळे चक्र फिरवीत असेल, तर चक्रास दिलेले यांत्रिक कार्य परत येणाऱ्या ऊर्जेतून वजा होते. ती दोन्हीकडे एकाच वेळी मिळत नाही.

५. मापनातील चकवे

वरील उदाहरणांत १०० टक्क्यांची मर्यादा कोठेही ओलांडली गेली नाही. मग काही प्रयोगकर्त्यांच्या वहीत ३०० टक्के कसे नोंदले जातात? त्याची कारणे बहुधा पुढील चार प्रकारांत मोडतात.

पहिला चकवा स्पंदांच्या सरासरीचा. १०० ओहमच्या रोधावर १०० व्होल्टचा चौकोनी स्पंद, एकूण काळाच्या एक टक्का इतकाच वेळ, येत आहे असे समजा. खरी सरासरी शक्ती एक वॅट आहे. साध्या मापकांवर सरासरी दाब १ व्होल्ट व सरासरी प्रवाह ०.०१ अँपिअर दिसेल. त्यांचा गुणाकार ०.०१ वॅट. दोलनदर्शकावरील शिखरमूल्ये गुणली तर १०० वॅट. एकाच मंडलाची शक्ती मापन-पद्धतीप्रमाणे दहा हजारपट बदलते. रोधाच्या बाबतीत वर्ग-माध्य-मूळ मूल्ये घेतल्यास बरोबर एक वॅट मिळतो, म्हणून तीच सर्वत्र वापरावी असे कोणी म्हणेल. परंतु हेच स्पंद १०० व्होल्टच्या स्थिर बॅटरीतून निघत असतील, तर बॅटरीकडे तो नियम चुकतो : तेथे प्रवाहाचे वर्ग-माध्य-मूळ ०.१ अँपिअर असून त्यावरून १० वॅट येतात, आणि साधी सरासरी मात्र बरोबर एक वॅट सांगते. निरपवाद नियम एकच : प्रत्येक क्षणीचा दाब व प्रवाह यांचा गुणाकार करावा, आणि सरासरी त्या गुणाकाराची काढावी.

दुसरा चकवा बॅटरीचा. अम्ल-शिसे बॅटरीच्या टोकांवरील दाब हा तिच्यातील साठ्याचे विश्वसनीय माप नव्हे. काही काळ विसावा दिला की तो आपोआप चढतो. स्पंदांनी भारण केल्यास पट्टांच्या पृष्ठभागापुरता चढून प्रत्यक्ष साठा फारसा न वाढताही भरल्यासारखा दिसतो. शिवाय साठा केवढा मोठा असतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहानशा बॅटरीत ८४ वॅट-तास, म्हणजे तीन लाख ज्यूल असतात. एक दशांश वॅट घेणारे यंत्र तिच्यावर ३५ दिवस चालू शकेल. यंत्र आठवडाभर न थांबता चालले, एवढ्याने म्हणूनच काही सिद्ध होत नाही. बॅटरी ठराविक प्रवाहाने नेमून दिलेल्या किमान दाबापर्यंत उतरवून मिळालेले अँपिअर-तास मोजणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

तिसरा चकवा धारित्राच्या निरोधक थराचा. धारित्राची टोके जोडून ते रिकामे केले व मग मोकळे ठेवले, तर त्यावर थोडा दाब पुन्हा प्रकट होतो. ही ‘आपोआप आलेली’ वीज वातावरणातून आली, असे मानणारे प्रयोगकर्ते आढळतात. वास्तविक लेडन कुपीतील ह्या अवशिष्ट भाराचा अभ्यास कोलराऊश याने १८५४ मध्येच केला होता, आणि मॅक्सवेल याने १८७३ च्या आपल्या ग्रंथात निरोधकाचे थर विषम असल्यास असे का घडावे ते दाखविले. २० व्होल्टच्या धारित्रावर एक व्होल्ट परतला तर तो ऊर्जेचा चारशेवा भाग असतो, आणि तोही पूर्वी घातलेल्यापैकीच.

चौथा चकवा वगळलेल्या नोंदींचा. ट्रँझिस्टर चालू-बंद करणाऱ्या स्पंदजनित्रास वेगळ्या वीजपुरवठ्यातून शक्ती मिळत असते. ती हिशेबात धरली जात नाही. विद्युत्-अपघटनी धारित्रावर छापलेली धारकता व खरी धारकता यांत २० टक्के वा त्याहून अधिक अंतर असू शकते. छापील आकडा घेऊन ½धव² काढल्यास तेवढीच चूक उत्तरात उतरते.

६. सार्वजनिक कसोटीचे एक उदाहरण

आपोआप चालणाऱ्या यंत्राचे आकर्षण फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’त पाऱ्याने अंशतः भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या स्वयंवह चक्राचे वर्णन आहे, आणि अशा यंत्रांच्या प्रस्तावांची परीक्षा यापुढे करणार नाही, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये ठरविले होते. विसाव्या शतकात चक्राची जागा वेटोळ्याने व धारित्राने घेतली. अमेरिकेत एडविन ग्रे यास १९७५ मध्ये धारित्रांच्या स्पंदित विसर्गावर चालणाऱ्या एंजिनाचे, तर जॉन बेदिनी यास २००२ मध्ये वेटोळ्यातील परतीच्या दाबाचा उपयोग करणाऱ्या मोटर-जनित्राचे पेटंट मिळाले. पेटंट हे रचनेच्या नावीन्यासाठी असते. मिळणाऱ्या ऊर्जेविषयीच्या सर्व दाव्यांचे ते प्रमाणपत्र नव्हे, हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

मिसिसिपी राज्यातील जोसेफ न्यूमन याचे प्रकरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. प्रचंड वेटोळे, फिरता चुंबक व बॅटऱ्यांची माला असलेले त्याचे यंत्र घेतल्यापेक्षा अधिक ऊर्जा देते, असा त्याचा दावा होता. १९७९ मध्ये केलेला त्याचा अर्ज पेटंट कार्यालयाने नाकारला, तेव्हा तो न्यायालयात गेला. न्यायालयाने केवळ नियमावर बोट ठेवून प्रकरण मिटविले नाही. यंत्र राष्ट्रीय प्रमाण संस्थेकडे तपासणीसाठी देण्यास त्यास भाग पाडले. संस्थेचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रातून निघणारी शक्ती तपासलेल्या प्रत्येक स्थितीत त्यास दिलेल्या शक्तीपेक्षा कमीच आढळली. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंट नाकारण्याचा निर्णय कायम केला. न्यूमनला तो पटला नाही. पण ज्यास आकडे पाहावयाचे होते त्याच्यासाठी ते उपलब्ध झाले. दाव्यास उत्तर मापनाने दिले गेले, हे ह्या प्रकरणाचे महत्त्व.

७. खऱ्या पुनःप्राप्तीचे क्षेत्र

हौशी प्रयोगांची मूळ प्रेरणा निष्फळ होती, असे ह्यावरून समजू नये. चित्रनलिकेच्या जुन्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉन-शलाका आडवी फिरविणाऱ्या वेटोळ्यातील ऊर्जा, ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ वेळा, एका डायोडमार्गे धारित्रात परत घेतली जाई. निर्वात नलिकांच्या संचात तोच दाब पुरवठ्याच्या दाबात मिळवून वापरीत. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील त्रिकला मोटरींच्या गाड्या वेग कमी करताना वीज वरच्या तारेस परत देतात. शांघाय शहरात २००६ पासून महाधारित्रांवर चालणाऱ्या बसगाड्या धावू लागल्या; त्या थांब्यावर उभ्या असताना भारित होत. संगणकाच्या मंडलांत तर प्रत्येक अंक बदलताना एक सूक्ष्म धारित्र भारित वा रिकामे होते आणि दर वेळी ½धव² इतकी ऊर्जा उष्णता बनते. पुरवठ्याचा दाब सावकाश चढवून हे नुकसान कमी करण्याच्या पद्धतींवर १९९० नंतर पुष्कळ संशोधन झाले. त्यांत नुकसान भारणास लागणाऱ्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दहा घटांच्या टप्प्यांचे तत्त्व ते हेच.

विभागाच्या प्रयोगशाळेत ह्या विषयास स्थान देणे कठीण नाही. ५० ग्रॅम पाण्यात बुडविलेल्या रोधातून दोन धारित्रांची जोडणी शंभर वेळा केली, तर हरवलेले शंभर ज्यूल पाण्याचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वाढवितात. चांगल्या उष्णतामापकात व संवेदनशील तापमापकाने ते मोजता येते. समीकरणातून गळून गेलेला रोध बदलून पाहावा. तापमानवाढ तीच राहिली पाहिजे. मात्र शंभर-दोनशे व्होल्टवर भारित केलेले धारित्र प्राणावर बेतू शकते, म्हणून ते प्रत्येक वेळी योग्य रोधातून रिकामे करण्याची शिस्त पाळावी.

एखादा हौशी प्रयोगकर्ता आपले यंत्र घेऊन विभागाच्या दाराशी आला, तर त्यास नियम ऐकवून परत पाठविण्यापेक्षा तीन प्रश्न विचारणे अधिक उचित होय. आरंभी व अखेरीस प्रत्येक धारित्रात, वेटोळ्यात व बॅटरीत किती ज्यूल होते? शक्ती मोजताना क्षणोक्षणीच्या गुणाकाराची सरासरी घेतली काय? आणि बॅटरी काढून टाकून, बाहेर येणारी ऊर्जाच आत फिरविली, तर यंत्र भार ओढीत चालू राहते काय? तिसऱ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणारे यंत्र आजवर कोणत्याही तपासणीत टिकलेले नाही. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधणारा प्रयोगकर्ता २२ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि हे ६० टक्के त्याने खरोखर मिळविलेले असतात.